पाव चक्कर

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आजपासून माझ्या दोन वह्या झाल्या. एक कारखान्याची, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात नूपुर मॅडमनी स्वतः रकाने आखून दिले आहेत: तारीख, ठोकळ्याचा नंबर, प्रेशर, ठोके, गळती आहे की नाही. दुसरी ही. ही मी वाठोड्याच्या दुकानातून आणली. रकान्यात मावत नाही ते मनात साठलं की माझं पोट बिघडतं, म्हणून. आठवी शिकलेला माणूस, शुद्धलेखनाची खात्री नाही. पण वाचणार कोण?

कारखाना सोडून दहा वर्षं झाली. दिवाळीच्या आधी जितेंद्रचा फोन आला. मोठ्या मालकांचा हा मुलगा, आता तोच मालक. म्हणाला, "मिस्त्री, या ना दोन-तीन महिने. नवीन काम आहे, तुमचा हात पायजे." मला वाटतं, वडिलांच्या वेळचा म्हातारा म्हणून दया आली असेल. तरी गेलो. प्रजापती नगरहून लोकमान्य नगर, मेट्रोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दार कधी बंद होईल या भीतीने उतरायच्या दोन स्टेशनं आधीच दाराशी उभा राहिलो. याच शहरातून सायकलवर हिंगण्याला जायचो तेव्हा कसलीच भीती नव्हती.

काम असं आहे: दवाखान्यातला पलंग पायाने पंप दाबून वर घेतात. त्याच्या पोटात तेलाला वाट देणारा एक ठोकळा असतो. आमच्या काळी तो बिडाचा असे, मग अॅल्युमिनियमचा आला. आता नूपुर मॅडम तो नायलॉनचा करून राहिल्या आहेत. नायलॉनमध्ये काच मिसळलेली. पलंग धुतला तरी गंजत नाही, वजन निम्म्याहून कमी. पुण्याची नोकरी सोडून त्या याच एका कामासाठी इथे आल्या. वय अठ्ठावीस असेल.

त्यांनी ठोकळा माझ्या हातात दिला. हातात काहीच नाही असं वाटलं.

"कसा वाटतो, काका?"

"साबणदानीसारखा," मी म्हणालो.

त्या हसल्या. पण येताना गाडीत सारखं तेच मनात. अपमान तर नाही ना झाला पोरीचा?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली जोडणी. ठोकळ्याला चार भोकं, चारही भोकांना आतून चुडी, म्हणजे आटे, कापलेली, तीत पितळी जोड बसवायचे. जोड पलंग बनवणाऱ्या कंपनीचेच, निमुळत्या चुडीचे, जसजसे आत जातील तसतसे घट्ट होणारे. मॅडमनी एक पाना दिला. ठरलेला जोर लागला की तो टक् करतो.

"टक् झालं की बस्स, काका. तिथेच थांबायचं."

मी थांबलो. त्या फोनवर बोलायला बाहेर गेल्या तेव्हा खिशातला माझा पाना काढला आणि चारही जोडांना पाव पाव चक्कर दिली. टक् करणाऱ्या पान्याला माणसाच्या मनातलं काय कळतं! पोरीचं पहिलं काम, गळायला नको.

साठ किलो प्रेशर चढवलं. थेंब नाही. वहीत लिहिलं: गळती नाही. पाव चक्करीसाठी रकाना नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बाजूच्या टेबलावर मिनल बसते. बुटीबोरीला एका कारखान्यात जोडणी करत होती, तिथून आली. हात चलाख आहे पण टक् झालं की लगेच पाना खाली ठेवते. तिच्या एका ठोकळ्याला आज जोडापाशी तेलाचा ओलावा दिसला. मॅडम म्हणाल्या, "ठोक्यांच्या चाचणीचे सगळे ठोकळे काकाच जोडतील." मिनलचे चार ठोकळे फळीवर ठेवून दिले.

मिनल मला म्हणते, "तुमच्या हातात काय जादू आहे, काका?"

मी म्हणालो, "जादू नाही बाई, उस्ताद आहे."

खरंच आहे. एकाहत्तर साल. कारखाना तेव्हा कॉटन मार्केटजवळ पत्र्याच्या शेडमध्ये होता आणि आम्ही कापसाच्या गठाणी दाबायचे प्रेस दुरुस्त करत असू. धोंडबा मिस्त्री कामठीहून यायचा. अंगात खाकी, तोंडात लवंग. मी कुहीकडचा, सतरा-अठरा वर्षांचा, धानाच्या बांधीशिवाय काही न पाहिलेला. एकदा एका जोडाला हाताने घट्ट वाटलं म्हणून मी सोडून दिलं. प्रेस चालू झालं आणि गरम तेलाची पिचकारी धोंडबाच्या हातावर. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलली. मी पळून जायच्या बेतात होतो. तो शिव्या देईल, हाकलून देईल असं वाटलं. चौथ्या दिवशी पट्टी बांधलेल्या हाताने त्याने माझा हात पान्यावर धरला. "गणप्या, घट्ट झालं असं वाटते ना तुले? आता त्याच्यावर पाव चक्कर देजो. मशीनसाठी नाही गा. समोर जो माणूस उभा राहते त्याच्यासाठी."

त्यानंतर त्रेचाळीस वर्षांत माझ्या हातचा एकही जोड गळला नाही. बोरखेडीच्या जिनिंगपासून कामठीच्या छावणीपर्यंत लोक म्हणत, गणपतरावानं आवळलं म्हणजे पाहायला नको. मला दुसरी कोणती पदवी नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ठोक्यांची चाचणी म्हणजे प्रेशर साठ किलोपर्यंत चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. एक लाख वेळा व्हायला हवं. पहिला ठोकळा अकरा हजारांवर गेला. जोडाच्या भोकाच्या काठापासून केसासारखी चीर, आणि तिच्यातून तेल.

मॅडम भिंग लावून पाहत बसल्या. जेवणाचा डबा उघडला नाही. मी म्हणालो, "मॅडम, नायलॉनच आहे शेवटी." बोलल्यावर वाटलं, हे बोलायला नको होतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरा ठोकळा नऊ हजार. तिसरा साडेसात. दर वेळी चीर जोडाच्या भोकापाशीच. मॅडम म्हणतात भिंत पातळ पडते. नायलॉनच्या लादीतून मशीनवर जाड भिंतीचे नवीन कापून आणले. मी एक चांगलं केलं. आता नुसती पाव चक्कर नाही, जरा वरच देतो. ठोकळा कमजोर, तर जोड तरी पक्का असावा. एवढंच माझ्या हातात आहे.

आज असे तीन जोडले. दोन मशीनवर चढवले, एक जागा नव्हती म्हणून माझ्या कपाटात ठेवला.

जितेंद्र खाली आला. "मॅडम, तेरा डिसेंबरले अमरावतीचे पलंगवाले येऊन राहिले. तवापर्यंत नाही टिकला तर मी त्यांना अॅल्युमिनियमच देतो. मग हे खातं बंद करून टाकू."

मॅडम "हो" म्हणाल्या. नंतर बराच वेळ पाण्याची बाटली नुसतीच हातात धरून उभ्या होत्या. खातं बंद म्हणजे त्या परत पुण्याला. मला विचारलं, "काका, तुम्ही इतकी वर्षं हे काम केलंय. मी कुठे चुकतेय, काही दिसतं का तुम्हाला?"

मी पुष्कळ विचार केला. काही दिसलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदानाची सुट्टी होती. आज येऊन पाहतो तर जाड भिंतीचेही दोन्ही गेले. माल वाईट असेल म्हणून मॅडमनी लादीवाल्याला फोन करून भांडण केलं. मिनलचे चार ठोकळे अजून फळीवरच आहेत, साबूत. पण त्यांची चाचणी कुठे झाली? न वापरलेली वस्तू कशी फुटेल!

२५ नोव्हेंबर, सोमवार

हे लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

सकाळी कपाट उघडलं. मंगळवारी ठेवलेला तो ठोकळा तिथेच होता. त्याला प्रेशर लागलेलं नाही. तेलाचा थेंब त्यात गेलेला नाही. माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. तरी भोकापासून काठापर्यंत चीर. नख फिरवलं तर अडकत होतं.

मी स्टुलावर बसलो. निमुळती चुडी. लाकडात पाचर ठोकावी तशी. पितळ सोसतं, बीड सोसतं, अंग धरतं. नायलॉन सोसत नाही. ते फार वेळ गप्प राहतं आणि मग फाटतं. मिनलचे चार फळीवर चांगले का, तेही तेव्हाच कळलं.

मॅडम आल्या. "काय काका, बरं नाही का?"

"गॅस झाला," म्हणालो.

ठोकळा परत कपाटात ठेवायचा सोडून मी तो डब्याच्या पिशवीत घातला आणि घरी आणला. त्रेचाळीस वर्षांत कारखान्यातून खिळासुद्धा आणला नव्हता.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

गेलो नाही. पुष्पलतेने डबा घासायला पिशवी उघडली.

"अवो, हे काय आणलं? साबणदानी? चार भोकं पाडलेली, पाणी कसं थांबन त्याच्यात?"

"ठेव तिथं. कारखान्याचं आहे."

"कारखान्याचं हाये तर घरी काहून? अन् तुमी घरी काहून?"

शेवटी सांगितलं. सगळं. ती लसूण सोलत ऐकत होती. मला वाटलं म्हणेल, जाऊ द्या, तुमचं वय झालं, सोडून द्या ते काम. तर म्हणाली, "मंग पोरगी रडून राहिली अन् तुमी लसणाच्या वासात बसून राहिले?"

"अवं, माझं नाव जाईल सगळं."

"नाव! मले तं लगन झाल्यापासून 'मिस्त्रीची बायको'च म्हणतात. माह्यं नाव कवाचं गेलं. मी मेली काय?"

या बाईशी बोलण्यात अर्थ नाही. पण ठोकळा तिने पुसून, कोरड्या फडक्यात गुंडाळून पुन्हा पिशवीत ठेवला. मी काही सांगितलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, मिनल बाहेर गेली असताना. ठोकळा टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "मॅडम, याला प्रेशर दिलेलं नाही. मी आवळलेला आहे, तुमच्या टक्-नंतर. सगळे तसेच आवळले."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग ठोकळ्याकडे. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"करून दाखवा," म्हणाल्या.

नवीन ठोकळा घेतला. त्यांनी जोडावर आणि ठोकळ्यावर निळ्या पेनने एकेक रेघ मारली. टक् झालं. मग मी माझी चक्कर दिली. दोन रेघांमधलं अंतर त्यांनी मोजलं, कागदावर काहीतरी आकडे केले. "काका, हा जोर दुपटीहून जास्त होतोय."

"हो."

"नऊ दिवस मी भिंत जाड करत बसले."

"हो."

मग त्या एकदम खुर्चीत मागे टेकल्या आणि तोंडावर दोन्ही हात घेतले. रडतात की हसतात कळेना. बोटांतून म्हणाल्या, "म्हणजे माझं डिझाइन वाईट नाही."

संध्याकाळी त्यांनी रिपोर्ट लिहिला. मला वाचून दाखवला, इंग्रजीत होता. फुटण्याचं कारण: जोडणीत जास्त आवळले गेले. कुणी, ते लिहिलं नाही. मी विचारलंही नाही. येताना मेट्रोत बसायला जागा मिळाली. बरं वाटलं. एवढ्यावर भागलं.

२ डिसेंबर, सोमवार

मिनलचं टेबल रिकामं. विचारलं तर कळलं, तिला पॅकिंगला पाठवलं. जितेंद्रने शनिवारी रिपोर्ट वाचला. जोडणीत जास्त आवळलं म्हणजे कुणी? गणपतरावांनी तर नाहीच. म्हणजे नवीन पोरगी.

मॅडम दोन दिवस इंदूरला गेल्या आहेत, कारखान्याच्या कामासाठी. फोन लागत नाही.

पॅकिंगच्या दारातून पाहिलं. मिनल खोक्यांना पट्ट्या लावत होती. मला पाहून पाठ फिरवली. म्हणजे तिला वाटतं मीच तिचं नाव सांगितलं. एका अर्थी खरंच आहे.

परत येऊन तीन वेळा हात धुतले.

३ डिसेंबर, मंगळवार

जितेंद्रच्या केबिनमध्ये गेलो. दोन-तीन माणसं बसली होती, तरी बोललो. "मालक, ठोकळे मिनलने नाही फोडले. मी फोडले."

तो हसला. "मिस्त्री, बसा. पोरीले वाचवून राहिले ना तुमी?"

"नाही. खरं सांगतो."

"तुमच्या हातचं फुटत नाही. बाबा सांगून गेले मले. गणपतरावावर डोळे झाकून भरोसा ठेव म्हणे."

असं कधी होईल वाटलं नव्हतं. माझं नाव माझ्याच तोंडावर दार लावून उभं राहिलं. मग खाली गेलो, पातळ भिंतीचा एक जुना ठोकळा आणला, पितळी जोड आणला आणि सगळ्यांसमोर त्याच्या टेबलावर जोडला. टक्. मग माझी चक्कर, धोंडबाची, आणि वर आणखी जरा, जशी मी देत होतो.

"हा इथंच राहू द्या," म्हणालो. "प्रेशर नको, काही नको. कुणी हात लावू नका."

"काय होईल?"

"फुटेल."

"अन् नाही फुटला तर?"

मी पाना खिशात टाकला आणि खाली गेलो.

४ डिसेंबर, बुधवार

नाही फुटला. तीन वेळा निमित्त काढून केबिनमध्ये गेलो. एकदा पाणी विचारायला, एकदा पंखा बंद करू का विचारायला, डिसेंबरात. जितेंद्र म्हणाला, "मिस्त्री, अंडं घातलंय का तुमी इथं?"

मॅडम आल्या. त्यांना सगळं सांगितलं. जितेंद्रशी त्या बोलल्या, पण तो म्हणे, उद्या पाहू. मॅडमही कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी नाव लिहायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही लिहिलं, काका." तेव्हा मला समजलं, त्यांनाही माझ्यासारखंच अपराधी वाटत होतं.

आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हणालो, माझा जोड जाऊ दे.

५ डिसेंबर, गुरुवार

गेला. सकाळी सव्वा दहाला. जितेंद्र फोनवर बोलत होता आणि त्याला टिक् असा आवाज आला. त्यानेच मला बोलावलं. चीर पूर्ण, काठापर्यंत. त्याने नख फिरवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं जसं एखाद्याच्या घरी जाऊन कळावं की घर विकलं गेलं आहे.

"मिस्त्री, बरं झालं, बाबांना हे पाहावं नाही लागलं," म्हणाला. मग लगेच, "बसा. चहा घ्या."

चहा घेतला. गोड होता की नाही आठवत नाही. मॅडमनी रिपोर्ट पुढे केला. मी स्वतःच माझं पूर्ण नाव लिहिलं, मराठीत, इंग्रजी ओळीच्या खाली.

मिनल टेबलावर परत आली. माझ्याशी बोलत नाही. फक्त एकदा म्हणाली, "तीन दिवस पट्ट्या लावल्या मी. बोटं पाहा." पाहिली. चिरा पडल्या होत्या.

७ डिसेंबर, शनिवार

मॅडमनी विचारलं, "काका, बाहेर किती मिस्त्री असे आहेत? टक्-नंतर पाव चक्कर देणारे?"

"सगळेच, मॅडम. जो टक्-वर थांबतो त्याला आपण मिस्त्री नाही म्हणत."

त्या हसल्या नाहीत. फळ्यावर लिहून घेतलं. "मग पलंग दुरुस्त करायला जो येईल तो देणारच. त्याला पाटी लावून थांबवता येणार नाही. ठोकळ्यानेच सोसलं पाहिजे."

त्यांनी असं ठरवलं: प्रत्येक भोकात आधी पितळेची जाड बूश, म्हणजे छोटी नळी, बसवायची आणि चुडी तिच्यात. पाचरीचा जोर पितळ सोसेल, नायलॉनपर्यंत पोचणार नाही. मिनलच्या ठोकळ्याचा तो ओलावाही याने जाईल म्हणतात. बुशी मी केल्या. कोपऱ्यातलं जुनं लेथ, मोठ्या मालकांनी आणलेलं, त्यावर. पितळेचे सोनेरी केस निघत होते आणि तो वास. पन्नास वर्षं मागे गेल्यासारखं वाटलं. धोंडबा बाजूला लवंग चघळत उभा असावा असं. त्याला काय म्हणालो असतो? उस्ताद, तुमचीच गोष्ट, समोरच्या माणसासाठी, पण आता दुसऱ्या बाजूने करून राहिलो.

९ डिसेंबर, सोमवार

नवीन ठोकळा. मॅडम म्हणाल्या, "काका, आता पूर्ण जोर लावा. फोडायच्या हेतूने."

लावला. पाव, वर पाव. थांबलो.

"पूर्ण लावला ना?"

"हो."

त्या लिहायला लागल्या. मी हो म्हणालो, पण मलाच खात्री नव्हती. फोडायला हात जात नव्हता की हातात आता तेवढं राहिलंच नाही? एकाहत्तर वर्षांचा हात. हे पास लिहिलं आणि उद्या एखाद्या तरण्या मिस्त्रीने फोडलं तर?

"मॅडम, लिहू नका. माझा हात तो हात राहिला नाही. मिनलला बोलवा."

मिनल आली. "आधी तुमी फोडलं, नाव माह्यं लागलं. आता मले खरंच फोडाले लावता?"

"हो. आणि नाव माझंच लागेल, लिहून देतो."

"नको. तुमचं अक्षर कोण वाचन?" पण पाना घेतला.

तिला सांगितलं. मनगटाने नाही, खांद्याने. पाय जरा मागे. दम रोखायचा, सोडताना द्यायची. ही गोष्ट मी कुणाला शिकवली नव्हती. मुलगा बँकेत गेला, त्याला पान्याचं काय! मिनलने दुसऱ्या खेपेतच बरोबर दिली. मग म्हणाली, "पाइप लावू?" आणि पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवून अशी फिरवली की टेबल सरकलं. पितळ कुरकुरलं. नायलॉन गप्प.

"किती दिवस वाट पाहायची?" मॅडमनी मला विचारलं.

"चार दिवस आहेत," मी म्हणालो. "चारही पाहू."

१३ डिसेंबर, शुक्रवार

मिनलने आवळलेला ठोकळा आज सकाळी भिंगाखाली पाहिला. रेघ नाही. बूश बसवलेला दुसरा ठोकळा एक लाख ठोके पुरे करून उतरला होता.

अमरावतीहून एक साहेब आले, सोबत त्यांचा मिस्त्री. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. इस्त्रीचा शर्ट, मिशी पांढरी. साहेब म्हणाले, "जोडणी आमचा माणूस करेल. शेवटी पलंगावर तोच लावतो." मॅडमनी नवीन ठोकळा आणि टक् करणारा पाना त्याच्या हातात दिला.

टक्, टक्, टक्, टक्. साहेबांनी मान हलवली आणि जितेंद्रबरोबर मशीनचा आकडा पाहायला वळले.

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. रुमालाने जोड पुसला. मग मागच्या खिशातून स्वतःचा छोटा पाना काढला, जणू नुसतं तपासतो आहे असा लावला, आणि त्याचा खांदा खाली गेला. मी तो खांदा ओळखला. मॅडमनीही पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, करू द्या. मिनल तोंडावर ओढणी धरून उभी होती.

चारही जोडांना दिली. पाना खिशात टाकला आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. माझी नजर भेटली. मी पंख्याकडे बघायला लागलो.

साठ किलो, थेंब नाही. मग तिप्पट, एकशे ऐंशी, थेंब नाही. दुपारभर ठोके चालले. चार वाजता ठोकळा उतरवून भिंगाखाली घेतला. साहेबांनी स्वतः पाहिला. पन्नास ठोकळे पाठवा म्हणाले, पलंगांवर लावून पाहतो. मॅडम एवढंच म्हणाल्या, "पाठवतो." पण टेबलाच्या काठावर त्यांची बोटं पांढरी झाली होती. आता त्या पुण्याला जात नाहीत.

कागदपत्रं चालली होती तेव्हा तो मिस्त्री चहाचा कप घेऊन माझ्या स्टुलापाशी आला.

"भाऊ, तुमी पाह्यलं ना मघाशी?"

"काय?"

"पाह्यलं तुमी." त्याचा आवाज खाली आला. "यंत्र टक् करते, पण मन भरत नाही ना. सवय हाये. आता वाटून राहिलं, प्लास्टिकचा हाये हा. दोन दिवसानं तडकन तर नाही ना? माह्या हातानं? पोरीचं काम दिसते."

"नाही तडकत," मी म्हणालो. "बेफिकीर राहा."

"तुमाले कसं माहीत?"

"तुमच्यासाठीच बनवला आहे तो."

त्याला वाटलं मी थट्टा करतो. तो हसला, आणि मग हसता हसता स्टूल ओढून माझ्याजवळ बसला.